नमनाच्या व्हीसीडी डीव्हीडीवर आणताना : संगमेश्वर तालुक्यातील एका मंडळाचे प्रकरण

प्रकरणाची पार्श्वभूमी

संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीच्या नमन (कोकणातले लोकनाट्य) मंडळाने २००५ च्या सुमारास, शिमग्यानंतरच्या आपल्या एका प्रयोगाचे चित्रीकरण करून घेतले होते. गण, गवळण आणि वग असा तो सारा प्रयोग सुमारे तीन तासांचा असल्याने तीन व्हीसीडींत बसवावा लागला, आणि त्याच्या प्रती वाडीतल्या काही घरांत व मुंबईला असलेल्या चाकरमान्यांत वाटल्या गेल्या. त्यानंतर एका चाकरमान्याने स्वतःच्या कॅमेऱ्यावर घेतलेले पालखीचे चित्रीकरण आणखी एका डिस्कवर मंडळाकडे दिले. चित्रीकरणात मृदंग वाजवणारे आणि संकासुराची भूमिका करणारे दोघेही आज हयात नाहीत. मंडळातली नवी मुले त्यांचे बोल आणि पदन्यास या चित्रीकरणावरूनच शिकत आली आहेत. त्यामुळे देवळाच्या सभामंडपातल्या डीव्हीडी प्लेअरवर या डिस्क अडकू लागल्या, मधूनच थांबू लागल्या आणि शेवटी ओळखल्याही जाईनात, तेव्हा मंडळापुढचा प्रश्न मनोरंजनाचा नव्हता, शिकवणीचे साधन हातचे जाण्याचा होता.

हे काम माझ्याकडे येण्यापूर्वी मंडळाने एका दुकानातून तिन्ही व्हीसीडींची एक डीव्हीडी करून घेतली होती. ती प्लेअरवर लागत होती, पण चित्र आडवे ताणलेले होते, पालखीचे दृश्य धक्के देत पुढे सरकत होते, आणि गवळण संपेपर्यंत पात्राचे ओठ व आवाज यांत सेकंदाहून अधिक अंतर पडत होते. मंडळाच्या कार्यवाहांचे म्हणणे असे की जुनी डिस्क अडकत होती खरी, पण जेवढी लागत होती तेवढी तरी नीट दिसत होती. हे म्हणणे अगदी रास्त होते, आणि या प्रकरणाचा मुख्य मुद्दाही त्यातच आहे. व्हीसीडीतले चित्र डीव्हीडीवर नेण्यासाठी त्या चित्राला हात लावण्याची गरज बहुतेक वेळा नसते. डीव्हीडीच्या मानकात त्या चित्रासाठी जागा आधीपासूनच राखलेली आहे. खरे कष्ट जुन्या डिस्कवरून माहिती संपूर्णपणे उचलण्यात घ्यायचे असतात, आणि नेमके तेच काम घाईत उरकले जाते.

दोष प्लेअरचा की डिस्कचा

व्हीसीडी हा प्रकार १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी ठरवलेल्या ‘व्हाइट बुक’ मानकावर चालतो. त्यात साध्या सीडीवर एमपेग-१ पद्धतीने दाबलेले चित्र असते. आपल्याकडच्या पॅल या टीव्ही-पद्धतीत त्याचा आकार ३५२ गुणिले २८८, वेग सेकंदाला २५ फ्रेम आणि बिटरेट, म्हणजे माहितीचा दर, सेकंदाला ११५० किलोबिट असतो. सोबतचा आवाज एमपेग लेयर-२ प्रकारचा, २२४ किलोबिटचा आणि ४४.१ किलोहर्ट्झचा असतो. डीव्हीडी प्लेअर व्हीसीडी वाजवतो तो सौजन्य म्हणून. डीव्हीडी मानकाने त्याच्यावर तशी सक्ती केलेली नाही. भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक प्लेअरांत ही सोय होती, कारण घरोघरी व्हीसीडी होत्या. अलीकडच्या उपकरणांत ती सोय गळत चालली आहे.

मंडळाकडे त्या चार डिस्कशिवाय बाजारात विकत मिळालेली एक छापील व्हीसीडी होती, आणि ती सभामंडपातल्या प्लेअरवर विनातक्रार चालत होती. यावरून प्लेअरला व्हीसीडीची रचना कळते, एवढे सिद्ध झाले. छापील डिस्कमध्ये माहिती कारखान्यात खड्ड्यांच्या रूपाने ठसवलेली असते आणि तिच्यावर धातूचा थर दिलेला असतो. घरी किंवा दुकानात लिहिलेल्या सीडी-आरमध्ये मात्र रंगद्रव्याचा एक थर असतो आणि लेसरने त्यावर खुणा उमटवलेल्या असतात. हे रंगद्रव्य सीडीच्या ७८० नॅनोमीटर लांबीच्या अवरक्त लेसरसाठी बनवलेले असते. डीव्हीडीचा तांबडा लेसर ६५० नॅनोमीटरचा असतो आणि त्याला सीडी-आरवरून पुरेसा उजेड परत मिळत नाही. म्हणूनच एकच लेसर असलेले सुरुवातीचे डीव्हीडी प्लेअर छापील सीडी वाचत आणि लिहिलेली सीडी नाकारत. पुढच्या प्लेअरांत दोन्ही लेसर आले. सभामंडपातल्या प्लेअरमध्ये दुसरा लेसर आहे की नाही आणि असल्यास तो धड आहे की नाही, हे पाहण्यासाठी संगणकाने धड वाचलेल्या पहिल्या डिस्कची नव्या सीडी-आरवर जशीच्या तशी प्रत काढली. ती प्लेअरवर लगेच लागली. म्हणजे प्लेअर निर्दोष होता आणि डिस्क म्हाताऱ्या झाल्या होत्या.

येथे एक स्वस्तातला मार्ग खुला होता, तो म्हणजे चारही डिस्कच्या नव्या सीडी-आर प्रती काढून देणे. तो मी नाकारला, आणि त्याची कारणे पुढे येतीलच. त्यातले एक कारण मात्र डिस्क हातात घेताच दिसत होते. दुसऱ्या डिस्कच्या वरच्या बाजूस कागदी लेबल चिकटवले होते आणि त्यावर बॉलपेनाने दाबून ‘भाग २’ असे लिहिले होते. लोक सीडीची चकचकीत खालची बाजू जपतात, आणि ती तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड पॉलिकार्बोनेटने सुरक्षित असते. माहितीचा थर खरा वरच्या बाजूला असतो, आणि त्याच्यावर लाखेच्या पातळ लेपाखेरीज काहीही संरक्षण नसते. डिस्क उजेडासमोर धरली तेव्हा ‘भाग’ या शब्दाच्या अक्षरांच्या रेषा पलीकडून प्रकाशाच्या बारीक चिरांसारख्या दिसत होत्या, म्हणजे पेनाच्या टोकाने परावर्तक थर तेथे फुटलेला होता. कडेला लेबल ओलाव्याने उचलले गेले होते. कोकणात जून ते सप्टेंबर हवेला जो ओलावा असतो, तो कागद आणि डिंक दोन्ही शोषून घेतात आणि तो ओलावा थेट त्या पातळ लेपाला लागून राहतो. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो. तेवढ्यापुरती ती आपल्या हवेला सीडीपेक्षा अधिक तग धरते.

लेबल काढण्याचा मोह आवरला, कारण लेबल ओढले की त्याच्याबरोबर धातूचा थर निघून येतो आणि मग काहीच उरत नाही. साफसफाई फक्त खालच्या बाजूची केली. साबणाचा एक थेंब घातलेल्या शुद्ध पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसले. गोल गोल पुसू नये, याचे कारण सीडीच्या त्रुटी-दुरुस्ती पद्धतीत आहे. ही पद्धत मागावर, म्हणजे लेसर जिच्यावरून वाचत जातो त्या गोल रेषेवर, सलग सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंत खंड पडला तरी मूळ माहिती पूर्ण उभी करू शकते. आडवा ओरखडा मागाला एका बिंदूत छेदतो आणि निभावून जातो. गोल ओरखडा मात्र मागाच्या दिशेनेच धावतो आणि ही मर्यादा सहज ओलांडतो.

डिस्कवरून माहिती उचलणे

व्हीसीडी संगणकात घातली की ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘एव्हीसेक०१.डॅट’ अशी फाइल दिसते, आणि बहुतेक जण ती सरळ कॉपी करतात. धड डिस्कबाबत हे चालते. खराब डिस्कवर मात्र कॉपी अर्ध्यात थांबते. याचे मूळ व्हीसीडीच्या रचनेत आहे. सीडीवरची माहिती सेक्टर नावाच्या ठरावीक तुकड्यांत असते आणि प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटचा असतो. संगणकाची माहिती ठेवताना त्यातले २०४८ बाइटच वापरले जातात आणि उरलेल्यांपैकी २७६ बाइट दुरुस्तीच्या एका जादा थरासाठी राखलेले असतात. व्हीसीडीच्या चित्राच्या सेक्टरांत हा जादा थर सोडून देऊन २३२४ बाइट चित्रासाठी वापरले जातात. त्यामुळे ७४ मिनिटांच्या, एरवी ६५० एमबीच्या म्हटल्या जाणाऱ्या सीडीवर सुमारे ७७ कोटी बाइटचे चित्रीकरण मावते. त्याची किंमत अशी की कागदपत्रांच्या सीडीत जो ओरखडा निमूटपणे दुरुस्त झाला असता, तो व्हीसीडीत चित्राचा तुकडा खाऊन टाकतो. म्हणूनच या प्रयोगाच्या नव्या सीडी-आर प्रती करणे मला पटले नाही. वीस वर्षांनी पुन्हा तीच कमकुवत मांडणी त्याच प्रकारच्या डिस्कवर उभी करण्यात शहाणपणा नव्हता. शिवाय वग रंगात आला असताना उठून डिस्क बदलण्याची कटकट तशीच राहिली असती.

फाइल कॉपी करण्याऐवजी डिस्क सेक्टरच्या पातळीवर कच्ची वाचणे हा योग्य मार्ग आहे. यासाठी व्हीसीडीइमेजर संचातील रिप करणारी आज्ञा, सीडीआरडीएओ किंवा आयएसओबस्टर यांपैकी कोणतेही साधन चालते, मात्र वाचता न आलेला सेक्टर गाळून टाकण्याऐवजी त्याच्या जागी शून्ये भरण्याची सोय त्यात निवडली पाहिजे. हा फरक बारीक वाटतो, पण मंडळाच्या आधीच्या डीव्हीडीत ओठ आणि आवाज वेगळे पडले ते यामुळेच. व्हीसीडीत प्रत्येक सेक्टर हा एक तर चित्राचे किंवा आवाजाचे एक पाकीट असतो. आवाजाच्या एका पाकिटात सुमारे ०.०८ सेकंदाचा आवाज मावतो. असे बारा-तेरा सेक्टर गळले आणि त्यांची जागा रिकामी न ठेवता पुढचा आवाज मागे ओढला गेला, की तेथून शेवटपर्यंत आवाज चित्राच्या एक सेकंद पुढे धावतो. चित्र आणि आवाज वेगळे काढून पुन्हा जोडणाऱ्या घाईच्या पद्धतीत हे हमखास घडते, कारण वेगळे काढताना पाकिटांवरचे वेळेचे शिक्के टाकून दिले जातात. शिक्के राखले आणि हरवलेल्या जागी तेवढ्याच लांबीची शांतता भरली, तर दोष त्या जागेपुरता राहतो आणि पुढे पसरत नाही.

पहिली डिस्क एका दमात वाचली गेली. तिसऱ्या डिस्कला ड्राइव्हचा वेग उतरवून वाचावे लागले. लेबलामुळे तोल बिघडलेली दुसरी डिस्क जलद फिरवली की थरथरत होती, त्यामुळे तीही सर्वांत कमी वेगावर आणि वेगवेगळ्या ड्राइव्हवर वाचली. एका ड्राइव्हला न जमलेले सेक्टर दुसरा ड्राइव्ह पुष्कळदा वाचतो, हा या व्यवसायातला सर्वांचा अनुभव आहे, आणि तो येथेही आला. तरीही गवळणीचा मोठा भाग तुटक राहिला. एमपेग-१ मध्ये साधारण पंधरा फ्रेमच्या गटात पहिलीच फ्रेम पूर्ण असते आणि पुढच्या फ्रेम तिच्यापासूनचे फरक तेवढे सांगतात, म्हणून गटाच्या सुरुवातीचा एक सेक्टर जरी गेला तरी पुढच्या पूर्ण फ्रेमपर्यंत, म्हणजे ०.६ सेकंदापर्यंत चित्र विस्कटलेले राहते. संकासुर रंगणात येतो त्या क्षणी तर अशा जागा एकामागून एक होत्या. त्याच्या काळ्या पोशाखाचे आणि मागच्या काळोखाचे चौकोनी ठोकळे एकमेकांत मिसळून फक्त उंच टोपीचे टोक तेवढे हलताना दिसत होते.

येथे मंडळाच्या एका वडीलधाऱ्यांची आठवण उपयोगी पडली. विरारला राहणाऱ्या एका चाकरमान्याकडे याच प्रयोगाचा संच होता, आणि तो कपाटातून क्वचितच बाहेर निघाला होता. गावी येणाऱ्याच्या हाती त्यांनी दुसरी डिस्क पाठवली. तिच्यावर लेबल नव्हते, पण तिलाही कडेच्या बाजूने वय लागलेले होते. दोन्ही प्रती त्या वेळी एकाच मूळ फाइलवरून लिहिलेल्या असल्यामुळे त्या सेक्टरागणिक सारख्या असायला हव्या होत्या. दोन्हींत धड वाचल्या गेलेल्या भागांची तुलना करून त्या तशा आहेत याची आधी खात्री केली. सीडीवरच्या प्रत्येक डेटा सेक्टरला मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग असा पत्ता दिलेला असतो, त्यामुळे कोणत्या सेक्टरची जागा कोठे आहे याबद्दल संदिग्धता राहत नाही. मंडळाच्या प्रतीतले रिकामे सेक्टर विरारच्या प्रतीतून भरले गेले आणि गवळणीचा बहुतेक सारा भाग मूळ स्वरूपात परत उभा राहिला. या सेक्टरांत तपासणी-संकेत ऐच्छिक असल्याने तो शून्य ठेवलेला असू शकतो. अशा वेळी ‘वाचले’ असे ड्राइव्हने सांगितले म्हणून त्यावर विसंबू नये. दोन वाचने तंतोतंत जुळली तरच तो सेक्टर पक्का धरला. कोणत्याही ‘चित्र सुधारणाऱ्या’ सॉफ्टवेअरने हे काम झाले नसते. असे सॉफ्टवेअर हरवलेल्या जागी अंदाजाने काहीतरी रंगवते, आणि येथे तर त्या कलावंताने प्रत्यक्ष टाकलेली पावलेच परत मिळत होती. एकाच डिस्कच्या जितक्या प्रती गावात आणि मुंबईत असतील तितक्या आधी गोळा कराव्यात आणि मगच संगणकाला हात घालावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

चित्र तेच, आवाज ४८ किलोहर्ट्झ

डीव्हीडी-व्हिडिओच्या मानकात पॅल पद्धतीसाठी ७२०, ७०४ किंवा ३५२ गुणिले ५७६ हे आकार सर्वांना ठाऊक असतात. त्याच यादीत ३५२ गुणिले २८८ हा आकारही आहे, आणि त्या आकारात एमपेग-१ चित्र सेकंदाला १८५६ किलोबिटपर्यंत चालते. व्हीसीडीचे ११५० किलोबिटचे चित्र या मर्यादेत आरामात बसते. म्हणून तिन्ही डिस्कचे चित्र पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे नव्याने न दाबता, जसेच्या तसे घेतले. ते मोठे करून ७२० गुणिले ५७६ मध्ये पुन्हा दाबले असते, तर फाइल फुगली असती, नवा तपशील एक कणही आला नसता आणि आधीच्या ठोकळ्यांवर नव्या दाबणीचे ठोकळे चढले असते. रात्रीच्या प्रकाशातले, गॅसबत्ती आणि हॅलोजनच्या उजेडात घेतलेले चित्रीकरण याबाबतीत फार नाजूक असते. मोठे करून दाखवण्याचे काम टीव्ही आणि प्लेअर स्वतःच करतात, आणि ते त्यांच्यावरच सोडावे.

आधीच्या डीव्हीडीतल्या धक्क्यांचे कारणही तपासात कळले. दुकानातल्या सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही-पद्धतीची निवड तशीच राहिली होती, म्हणून सेकंदाला २५ फ्रेमचे चित्र २९.९७ फ्रेमचे केले गेले होते. जादा फ्रेम आणायच्या म्हणजे असलेल्याच फ्रेम ठरावीक अंतराने दुहेरी करायच्या, आणि मग पालखी नाचवणाऱ्यांचे खांदे तेवढ्या तेवढ्या अंतराने अडखळतात. ताणलेल्या चित्राचे कारण त्याहून साधे होते, ४:३ चे चित्र १६:९ म्हणून नोंदले गेले होते. नव्या डीव्हीडीत पॅल आणि ४:३ या दोन्ही गोष्टी डीव्हीडीऑथर या डीव्हीडी रचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मांडणीत स्पष्ट लिहिल्या आणि सॉफ्टवेअरच्या अंदाजावर सोडल्या नाहीत, कारण एमपेग-१ मध्ये गुणोत्तराची नोंद वेगळ्या रीतीने होते आणि अंदाज चुकण्याचा संभव असतो.

व्हीसीडीचा जो एकमेव घटक डीव्हीडीला मुळीच चालत नाही तो म्हणजे आवाजाचा ४४.१ किलोहर्ट्झ हा दर. डीव्हीडी-व्हिडिओला ४८ किलोहर्ट्झ लागतो. या दोन दरांचे गुणोत्तर १४७ : १६० असे असल्याने आवाजाचे नमुने नव्याने मोजून घ्यावे लागतात. दराचा फक्त शिक्का बदलला तर आवाज सुमारे ९ टक्के अधिक वेगाने धावतो आणि मृदंग चढ्या स्वरात कोरडा वाजू लागतो. दर बदलल्यावर तो आवाज पुन्हा एसी-३ किंवा एमपेग लेयर-२ मध्ये दाबण्याची प्रथा आहे, आणि एरवी त्यात वावगे काही नाही. येथे मात्र मी हिशेब मांडून पाहिला. न दाबलेला १६ बिटचा स्टीरिओ आवाज ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला १५३६ किलोबिट घेतो. चित्राचे ११५० मिळवले तरी बेरीज २७०० किलोबिटच्या आतच राहते. तीन तासांचे मिळून होतात सुमारे ३.६ अब्ज बाइट, आणि एकपदरी डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. मग मृदंगाच्या थापेला आणि झांजेच्या किणकिणाटाला दुसऱ्यांदा दाबायचे कशाला? शिकणारी मुले जो बोल कान देऊन ऐकणार, तोच बोल दाबणीत सर्वांत आधी बोथट होतो. आवाज न दाबता पीसीएम स्वरूपात ठेवला.

जोडणीसाठी एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने चित्राचा प्रवाह न बदलता आणि नव्या आवाजासह डीव्हीडीच्या साच्यात भरला. साधी एमपेग फाइल डिस्कवर टाकली म्हणजे डीव्हीडी होत नाही. प्रवाहात दर अर्ध्या-एक सेकंदाला दिशादर्शक पाकिटे असावी लागतात, पुढे-मागे जाणे त्यांच्यावर चालते, आणि त्यावर डीव्हीडीऑथरने ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डरची मांडणी उभी करावी लागते. तिन्ही भाग एकाच साखळीत जोडले, त्यामुळे डिस्क बदलण्याचे कारण उरले नाही. दोन भागांच्या सांध्यावर प्लेअर क्षणभर थबकतो, पण चित्र पुन्हा एन्कोड न करण्याच्या बदल्यात तेवढे थबकणे मंडळाने आनंदाने मान्य केले.

मेनूबाबत मंडळातल्या ज्येष्ठांचे मत ठाम होते. “मेनू-बिनू काही नको, डिस्क घातली की गण लागला पाहिजे,” असे तात्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले, आणि त्यात श्रद्धेबरोबर व्यवहारही होता, कारण रिमोटवरची अक्षरे सभामंडपात बसणाऱ्यांपैकी निम्म्यांना दिसत नाहीत. मेनू ठेवला नाही. डिस्क घालताच गणापासून प्रयोग सुरू होतो. गण, गवळणीतले प्रवेश, संकासुराचे आगमन आणि वगाचे प्रवेश येथे प्रकरणांच्या खुणा ठेवल्या, म्हणजे शिकणाऱ्याला रिमोटवरचे पुढे जाण्याचे बटण दाबून हवी ती जागा गाठता येते. या जागा मंडळातल्या आजच्या मृदंगवाल्याने समोर बसून सांगितल्या.

पालखीची डिस्क वेगळी निघाली

चौथी डिस्क व्हीसीडीच असेल असे सर्वांनी धरले होते. तिच्यात ‘एमपेग२’ नावाचा फोल्डर निघाला, म्हणजे ती एसव्हीसीडी होती. हा प्रकार चीनमध्ये १९९८ साली ठरला. त्यात सीडीवरच, पण एमपेग-२ पद्धतीचे, पॅलमध्ये ४८० गुणिले ५७६ आकाराचे चित्र असते. भारतात तो बाजारात रुजला नाही, पण संगणकावरच्या सीडी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पर्याय असल्याने घरगुती चित्रीकरणे कधी कधी या रूपात सापडतात. प्रत व्हीसीडीपेक्षा सरस, आणि तरी डीव्हीडीकडे जाण्याची वाट अधिक अवघड, कारण ४८० हा आकार डीव्हीडीच्या यादीतच नाही. प्रवाहाच्या सुरुवातीच्या नोंदीत खोटा आकार लिहून प्लेअरला फसवण्याची एक जुनी युक्ती आहे आणि पुष्कळ प्लेअर ती खपवून घेतात. पण सभामंडपातला प्लेअर उद्या बदलला की डिस्क निरुपयोगी ठरण्याची जोखीम मला मंडळाच्या माथी मारायची नव्हती. म्हणून या एकाच डिस्कचे चित्र ७२० गुणिले ५७६ मध्ये पुन्हा एन्कोड केले, आणि मूळच्या साधारण अडीच मेगाबिटऐवजी सहा मेगाबिटचा दर दिला, म्हणजे दुसऱ्या दाबणीची झीज डोळ्यांना जाणवू नये.

यात एका गोष्टीला फार जपावे लागले. व्हीसीडीच्या २८८ ओळींत अर्धेच चित्र असते, पण एसव्हीसीडीत प्रत्येक फ्रेम दोन क्षणांच्या ओळी एकाआड एक विणून बनते. मूळ कॅमेरा डीव्ही टेपचा होता, आणि त्या पद्धतीत खालच्या ओळींचा क्षण आधीचा असतो. एन्कोडरला हा क्रम उलटा सांगितला तर प्रत्येक फ्रेममध्ये काळ एक पाऊल पुढे आणि एक पाऊल मागे जातो. स्थिर दृश्यात हे कळत नाही, पण पालखी खांद्यावरून उसळते तेव्हा तिच्या कडा थरथरतात. अशी चूक संगणकाच्या पडद्यावर अनेकदा लपून राहते. म्हणून तयार झालेला तुकडा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर घेऊन सभामंडपातल्या जुन्या काचेच्या टीव्हीवरच पाहिला, आणि कडा स्वच्छ दिसल्यावर पुढचे काम केले. पालखीसाठी वेगळी डीव्हीडी केली, कारण नमनाच्या डिस्कवर उरलेल्या जागेत ती याच प्रतीने मावत नव्हती.

सुपूर्द केलेल्या वस्तू आणि उरलेली जागा

नमनाची डीव्हीडीही आधी डीव्हीडी-आरडब्ल्यूवर तपासली. एमपेग-१ चित्र मानकात असले तरी स्वस्त प्लेअर मानक कितपत पाळतात हे प्रत्यक्ष लावल्याशिवाय सांगता येत नाही. या प्लेअरने आणि मंडळातल्या आणखी दोन घरांतल्या प्लेअरांनी ती स्वीकारली. त्यानंतर अंतिम प्रती चांगल्या दर्जाच्या डीव्हीडी-आरवर, कमाल वेगाच्या निम्म्याने लिहून बंद केल्या आणि लिहिलेली माहिती परत वाचून मूळ फाइलशी ताडली. कागदी लेबल लावले नाही. नाव मधल्या पारदर्शक कड्यावर डिस्कसाठीच्या मऊ टोकाच्या पेनाने लिहिले. मूळ चारही डिस्कच्या सेक्टर-प्रतिमा आणि त्यांतून काढलेल्या एमपेग फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवल्या. त्यांपैकी एक मंडळाकडे आणि दुसरी विरारला आहे. मुंबईकरांसाठी त्याच फाइल पेनड्राइव्हवरही दिल्या. बाजारातल्या छापील व्हीसीडीचीही डीव्हीडी करून मिळावी अशी विनंती होती. तिचे हक्क मंडळाचे नसल्याने ती केली नाही, आणि ती प्लेअरवर चालतच होती.

दुसऱ्या डिस्कच्या अखेरची काही सेकंदे मात्र मिळाली नाहीत. सीडी मधून बाहेरच्या दिशेने लिहिली जाते, म्हणून भरलेल्या डिस्कचा शेवट कडेशी येतो, आणि कडेकडूनच ओलावा शिरतो. त्यामुळे मंडळाची आणि विरारची अशा दोन्ही प्रती नेमक्या तेथेच अपुऱ्या पडल्या. या जागा कापून पुढचा भाग जोडला असता तर बघणाऱ्याला कळलेही नसते, पण ताल तुटला असता आणि शिकणाऱ्याने तुटका बोलच खरा मानला असता. म्हणून चित्र गेले तेथे शेवटची धड फ्रेम धरून ठेवली आहे आणि आवाज गेला तेथे तेवढीच शांतता ठेवली आहे. मात्रांची लांबी त्यामुळे कायम राहते. कोणत्या मिनिटाला आणि सेकंदाला असे झाले आहे ते डीव्हीडीच्या वेष्टनातल्या कागदावर छापले आहे, आणि वाचता न आलेल्या सेक्टरांच्या पत्त्यांची यादी हार्ड डिस्कवर प्रतिमेशेजारी ठेवली आहे. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांकडे या प्रयोगाची आणखी एखादी प्रत आहे का, याची चौकशी मंडळाने चालवली आहे. ती मिळाल्यास यादीतले तेवढेच सेक्टर वाचून भरायचे आहेत आणि दुसऱ्या भागाची जोडणी नव्याने करून डीव्हीडी पुन्हा लिहायची आहे.